आठ महिन्यांची, की पावणेसहा महिन्यांची?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. दिवस भरायला दहा आठवडे बाकी असताना माझं पाणी गेलं आणि दोन दिवसांत ती झाली. तीस आठवडे, वजन १२१० ग्रॅम. काचेच्या पेटीत होती. तिथेच रक्तात इन्फेक्शन निघालं, दूध बंद करून सलाईनवर ठेवलं. जन्माचं वजन परत यायलाच अठरा दिवस लागले. पंचेचाळिसाव्या दिवशी १७२० ग्रॅमवर घरी आणली. तिथल्या सिस्टर रोज कितीतरी तास तिला माझ्या छातीशी बांधून ठेवायच्या. डोक्याची सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही नॉर्मल. डोळे तपासले, ठीक आहेत. कानाची बेरा तपासणी सांगितली होती, ती राहून गेली.

आता वजन ६ किलो १०० ग्रॅम आहे. मागच्या भेटीत लांबी ६३.५ आणि डोकं ४१.३ सेंटिमीटर लिहिलं, त्यावर कोणी काही बोललं नाही. माझ्या जाऊबाईंचा मुलगा तिच्याच आठवड्यात झालेला, पूर्ण दिवसांचा. तो बसतो, रांगायलाही लागला. ही टेकू दिल्याशिवाय बसत नाही. अंगणवाडीत ताईंनी तक्ता भरला तर ठिपका पिवळ्या पट्ट्यात गेला. सासूबाई म्हणतात, "काहून हट्ट करते? अंगावरच्या दुधानं लेकरू भरत नाही, पावडरचा डबा आण." मी दर रविवारी औषधाच्या दुकानात तिचं वजन करते. गेल्या महिन्यात फक्त ३८० ग्रॅम वाढलं, आधी सातशे-आठशे वाढायचं. लोहाचे थेंब दिले की शी काळी होते, म्हणून महिन्याभरापासून बंद केलेत.

त्यात हे कुठेतरी वाचून आले की पेटीत असताना ज्या बाळांचं वजन हळू वाढतं त्यांची बुद्धी कमी राहते. तेव्हापासून मला झोप नाही. तिच्या डोक्यावर परिणाम होऊन गेला असेल का? आणि डबा सुरू करू का?

– एक आई, नंदनवन, नागपूर


ताई,

प्रश्न तुम्ही दोन विचारलेत, पण मी अडकलो तो पहिल्याच ओळीवर. 'आता आठ महिन्यांची आहे.' तुमच्या घरातली निम्मी काळजी या आकड्यातून निघाली आहे, तेव्हा आधी तो निस्तरू.

मुलीला जन्मून आठ महिने झाले हे खरंच आहे. पण मान धरणं, पाठ ताठ होणं, हात पुढे करून वस्तू पकडणं हे सगळं मेंदूच्या वेळापत्रकानं होतं आणि ते वेळापत्रक गर्भ राहिला तेव्हा सुरू झालेलं असतं. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून ते दहा आठवडे पुढे सरकत नाही. म्हणून ते वजा करायचे. पस्तीस आठवड्यांतून दहा गेले, राहिले पंचवीस. तुमची मुलगी वाढीच्या हिशेबानं पावणेसहा महिन्यांची आहे. आम्ही याला करेक्टेड वय म्हणतो. दोन वर्षांची होईपर्यंत वजन, उंची, बसणं, चालणं, बोलणं, सगळं याच वयानं बघायचं. फक्त लसी जन्मतारखेनं द्यायच्या. 'कमी दिवसांची आहे, थोडी मोठी होऊ द्या' म्हणून लस पुढे ढकलणारी घरं मी बरीच पाहतो. तुम्ही तसं केलं असेल तर उद्याच जाऊन राहिलेल्या घेऊन या.

आता जाऊबाईंच्या मुलाकडे बघा. तो तिच्या बरोबरीचा नाहीच, सव्वादोन महिन्यांनी मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं निरोगी मुलांचं जे निरीक्षण केलं त्यात आधाराशिवाय बसणं काहींना चार महिने पुरे होण्याआधी जमलं, काहींना सव्वानऊ महिने लागले. चालण्याचा पल्ला तर सव्वाआठ ते साडेसतरा महिने असा लांबलचक निघाला. ही सगळी पूर्ण दिवसांची, धडधाकट मुलं होती. पावणेसहा महिन्यांच्या मुलीला बसायला टेकू लागतो, यात मला काही वावगं दिसत नाही.

पिवळ्या ठिपक्याचंही तेच. आठ महिन्यांच्या रेषेवर ६ किलो १०० ग्रॅम मांडले तर मुलींच्या तक्त्यात ते मध्यम कमी वजनातच पडणार, हिरव्या पट्ट्याची खालची हद्द तिथे ६ किलो ३०० च्या आसपास आहे. तोच ठिपका पावणेसहा महिन्यांच्या रेषेवर ठेवा, तो हिरव्यात येतो. सरासरीच्या खाली, पण हिरव्यात. अंगणवाडीच्या ताईंना बोल लावू नका, त्यांच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख असते आणि त्या तीच धरतात. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि दिवस भरण्याची तारीख वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहून घ्या.

तक्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नागपूरकर म्हणून तुम्हाला माहीत असायला हवी. कमी दिवसांच्या बाळांसाठी आज जगभर वापरली जाणारी इंटरग्रोथ-२१ नावाची प्रमाणं ज्या आठ ठिकाणच्या गरोदर बायका आणि बाळं मोजून बनवली, त्यातलं एक ठिकाण आपलं नागपूर होतं. बाकीची म्हणजे ऑक्सफर्ड, सिअ‍ॅटल, ट्युरिन, मस्कत, नैरोबी, बीजिंग आणि ब्राझीलमधलं पेलोटास. 'हे तक्ते गोऱ्यांच्या बाळांचे, आपली बाळं बारीकच असायची' असं जे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्याला हे उत्तर आहे. आईला पुरेसं खायला मिळालं, तब्येत बरी असली, तर इथली बाळंही तशीच वाढतात. ही प्रमाणं करेक्टेड सहा महिन्यांपर्यंत चालतात, त्यानंतर नेहमीचा जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता. तुमची मुलगी नेमकी त्या वळणावर आहे.

आणि ते ३८० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढतं, मग वेग उतरतो. पाचव्या ते सहाव्या महिन्यात सरासरी मुलगी महिनाभरात चारशे ग्रॅमच वाढते. तुमची ३८० वाढली. घरी आल्यापासूनचा हिशेब मी मांडून पाहिला, दिवसाला साधारण बावीस ग्रॅम येतात. अंगावरच्या दुधावर एवढं वाढलेलं बाळ 'भरत नाही' असं म्हणायला मी तरी तयार नाही. दर रविवारी वजन करणं मात्र सोडा. एकदा झबल्यासकट, एकदा उघडं, एकदा दूध पिऊन, एकदा शी झाल्यावर, त्यात दुकानातला काटा. शंभर-दीडशे ग्रॅम तर असेच इकडचे तिकडे होतात आणि तुमचा पुढचा आठवडा खराब करतात. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगानं. बस.

आता त्या वाचलेल्या गोष्टीकडे येतो. ती खोटी नाही, म्हणून ती झटकून टाकणार नाही.

गर्भाच्या तिसाव्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या मानानं गुळगुळीत असतो. पुढच्या दहा आठवड्यांत त्याला घड्या पडतात, पेशींची जोडणी जोरात होते. चौतिसाव्या आठवड्यातसुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपासच असतं. म्हणजे सहा आठवड्यांत उरलेला एक तृतीयांश. या कामाला प्रथिनं लागतात, स्निग्ध पदार्थ लागतात, लोह लागतं, आणि पोटात असताना हे सगळं नाळेतून आपोआप येत असतं. बाळ बाहेर आलं की तेच काम नळीनं दिलेल्या थेंबथेंब दुधावर आणि शिरेतल्या सलाईनवर चालवावं लागतं. म्हणून या काळात बाळानं दिवसाला किलोमागे पंधरा ते वीस ग्रॅम वाढावं, डोक्याचा घेर आणि लांबी आठवड्याला जवळपास एकेक सेंटिमीटर वाढावी, असं आम्ही धरून चालतो.

तुमच्या यजमानांनी बहुधा २००६ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल वाचलं असावं. त्यात पेटीतली बाळं वजनवाढीच्या वेगाप्रमाणे चार गटांत विभागली होती. सगळ्यात हळू वाढलेल्या गटाचा वेग किलोमागे दिवसाला १२ ग्रॅम, सगळ्यात जोरात वाढलेल्यांचा २१. करेक्टेड दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात तपासलं तेव्हा हळू वाढलेल्यांत सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम होण्याचं, प्रमाण जास्त होतं आणि विकासाच्या चाचणीतले गुण कमी. तुमच्या आकड्यांवरून, जन्माचं वजन परत आल्यापासून घरी येईपर्यंत, तुमच्या मुलीचा वेग साधारण १३ येतो. हे मी लपवत नाही, कारण हे गणित तुमच्या घरात आज ना उद्या कोणीतरी करणारच.

पण ती बाळं कोण होती ते बघा. जन्मवजन ५०१ ते १००० ग्रॅम. तुमची मुलगी १२१० ग्रॅमची, आणि तीस आठवड्यांच्या मानानं ते वजन अगदी रास्त होतं, ती पोटात खुरटलेली नव्हती. हा फरक छोटा नाही. दुसरं असं की जी बाळं जास्त आजारी पडतात तीच हळू वाढतात आणि आजारपण स्वतःच मेंदूला त्रास देतं, मग दोष वजनाचा किती आणि आजाराचा किती, हे सोडवणं अवघड होतं. याच डॉक्टरांच्या गटानं २०११ मध्ये पुन्हा आकडे तपासले. तेव्हा दिसलं की पहिल्या दिवसांत बाळाला पोषण किती मिळालं याचाही स्वतंत्र वाटा असतो. जास्त आजारी बाळाला आपण घाबरत घाबरत कमी देतो, आणि तिथे त्याचं आणखी नुकसान होतं. त्यातून आम्ही डॉक्टर शिकलो. शिरेतून प्रथिनं आता पहिल्याच दिवशी सुरू करतात, आईचं दूध थेंबानं का होईना लवकर देतात, त्यात पोषण वाढवणारी पावडर मिसळतात. हा धडा दवाखान्यांसाठी होता, तुमच्यासाठी नव्हता. तुमचं पाणी लवकर गेलं, तिला इन्फेक्शन झालं, दूध थांबवावं लागलं. यात तुमच्या हातात काय होतं ते मला शोधूनही सापडत नाही.

'डोक्यावर परिणाम होऊन गेला असेल का?' पत्र वाचून ठामपणे नाही म्हणणारा डॉक्टर थापा मारतोय असं समजा. हो म्हणणाराही. गटाची सरासरी सांगते की अशा शंभर बाळांत धोका किती, तुमची मुलगी त्या शंभरात कुठे बसते ते सांगत नाही. ते तिच्याकडे बघून कळतं. मला जे दिसतंय ते असं: दोन्ही सोनोग्राफ्या नॉर्मल, डोळे ठीक, आणि तुम्ही लिहिलेला तो आकडा, ज्यावर कोणी काही बोललं नाही. डोकं ४१.३ सेंटिमीटर. पावणेसहा महिन्यांच्या मुलीला हे छान आहे, सरासरीच्या किंचितच खाली. लांबीही तशीच. कवटी आपणहून मोठी होत नाही, आत मेंदू वाढतो म्हणून ती वाढते. वजनाच्या काट्यापेक्षा या दोन मापांवर माझा जास्त भरवसा आहे आणि दर भेटीत ती मापं टेपनं घेऊन तक्त्यावर मांडायला लावणं हा तुमचा हक्क आहे. नुसतं वजन लिहून कार्ड परत दिलं तर तिथेच उभं राहून 'डोकं मोजा' म्हणा.

आता पावडरच्या डब्याचा प्रश्न सोपा होतो. ऑस्ट्रेलियात तेहतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सहाशेवर बाळांचा असाच अभ्यास झाला, तोही २०११ चा. दिवस भरायच्या तारखेपर्यंत वजन चांगलं वाढणं विकासासाठी फायद्याचं दिसलं. त्या तारखेनंतरही वाढ उपयोगाची होती, पण लांबीला मागे टाकून नुसतं वजन वाढण्यानं जादा काही पदरात पडलं नाही. हेच मला सासूबाईंना सांगायचं आहे. पहिल्या त्या आठवड्यांची तूट आता गुटगुटीतपणा आणून भरून निघत नाही. बाळसं दिसायला गोड असतं, कबूल. पण कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका आधीच थोडा जास्त असतो, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसलेलं आहे की आपली बारीक दिसणारी बाळंही अंगात चरबी राखून असतात. त्यावर डब्याचा थर कशाला चढवायचा? अंगावरचं दूध चालू ठेवा. डबा नको.

वरचं अन्न मात्र आता जवळ आलंय. दिल्लीत चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर याचीच चाचणी झाली होती: काहींना करेक्टेड चार महिन्यांना भरवायला सुरुवात केली, काहींना सहा महिन्यांना. वर्षाच्या शेवटी वजनात फरक पडला नाही, पण लवकर भरवलेल्या बाळांना दवाखान्यात जास्त वेळा भरती करावं लागलं. हे २०१७ मध्ये छापून आलं. तेव्हा घाई केली नाहीत ते बरंच झालं, आणि आता आठवड्याभरात, मान पक्की असेल तर, उष्टावण करून टाका. वरणावरचं पाणी आणि भाताची पेज देऊ नका, त्यात पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. मऊ खिचडी किंवा वरणभात, चमचा उलटा केला तर ओघळणार नाही इतका घट्ट कुस्करलेला, वर अर्धा चमचा तूप. तुमच्याकडे चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून. मीठ-साखर वर्षभर नको, गाईचं दूध वाटीनं पाजणं वर्षभर नको, आणि मध तर चाटवायचाही नाही. गुटी उगाळणं सुरू असेल तर तेही थांबवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा भरवणं सुरू झाल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार चमचे चालतील. तोवर छातीशी जास्त वेळा घ्या, तेवढं पुरतं.

तुमच्या पत्रात मला खरोखर खटकलेल्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्यात.

पहिली बेरा. काचेच्या पेटीत राहिलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायला हवी, आणि तुमच्या मुलीला रक्तातलं इन्फेक्शन झालं होतं. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी काहींचा कानावर परिणाम होऊ शकतो. बाळ आवाजाला वळतं, म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालता येत नाही. एका कानानं किंवा थोडं कमी ऐकणारं बाळही दार आपटलं की वळतं. नियम असा आहे की पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, आणि ऐकू कमी येत असेल तर सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि उपचार. आपण त्या वेळापत्रकाच्या मागे आहोत. वजनापेक्षा, बसण्यापेक्षा, डब्यापेक्षा हे आधी. बोलणं शिकायची वाट कानातून जाते. ती अडली असेल तर भाषा मागे पडते आणि सगळे म्हणतात, कमी दिवसांची म्हणून मंद आहे. तपासणीत बहुधा सगळं ठीक निघेल. तरीही या आठवड्यात करा.

दुसरी गोष्ट लोहाचे थेंब. त्याकडे शेवटी येतो.

मधल्या काळात घरी काय बघायचं ते सांगतो. तिला काखेत धरून उभी केली की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, टाचा वर राहतात का. मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा आत दाबलेला असतो का. वस्तू घ्यायला कायम एकच हात पुढे येतो का. डावखुरी आहे म्हणून कौतुक करू नका, वर्षाच्या आत एकच हात वापरणं हे तपासून घेण्याचं लक्षण असतं. तुमच्याकडे बघून हसते का, खेळणं नजरेनं धरून फिरवते का. यात कुठे शंका आली तर महिनाभर वाट बघू नका. आणि शंका नसली तरीसुद्धा बाळाच्या स्नायूंची आणि हालचालींची एक रीतसर तपासणी या वयात होऊन जाऊ द्या, कारण सेरेब्रल पाल्सीचा धोका आता या वयातही बऱ्यापैकी ओळखता येतो. व्यायाम आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त. डागा, मेयो, मेडिकल किंवा मिहानचं एम्स, तुम्हाला जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल तिथल्या बालरोग ओपीडीत जाऊन 'हाय रिस्क बाळांचा फॉलोअप' कधी असतो ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणून केंद्र असतं, कान, डोळे, फिजिओथेरपी, विकासाची चाचणी एका छताखाली, मोफत. आशाताईंकडून तिथली चिठ्ठी मिळते.

फॉलोअप दोन वर्षांवर सोडू नका, हेही आताच सांगून ठेवतो. पुण्याच्या केईएमनं कमी वजनाच्या बाळांचा गट बारा वर्षांचा होईपर्यंत आणि त्याही पुढे पाहिला. बहुतेक मुलं सर्वसाधारण शाळेत, सर्वसाधारण बुद्धीची होती, सरासरी बाकीच्यांहून थोडी खाली. सगळ्यात मागे राहिली ती कमी दिवसांची आणि पोटातच खुरटलेली, दोन्ही एकत्र असलेली मुलं. तुमची त्या गटात नाही. पण अडचण निघाली ती लिहिण्यात आणि गणितात, हात-डोळ्याच्या मेळात. असल्या गोष्टी दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत, पहिली-दुसरीत दिसतात, आणि तेव्हा मास्तर म्हणतात मूल आळशी आहे. म्हणून शाळेत घालताना तिच्या जन्माची हकिकत बाईंच्या कानावर घाला.

घरी वेगळं काही 'ब्रेन प्रोग्रॅम' वगैरे विकत घेऊ नका, धंतोलीत काय आणि ऑनलाइन काय. चादर अंथरा, जागी असताना दिवसातून चार-पाच वेळा पोटावर पालथी टाका, समोर तुम्ही बसा. उशा रचून जबरदस्तीनं बसवू नका. वॉकर कोणी बारशाला दिला असेल तर माळ्यावर टाका. मोबाइल दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, जेवताना तर नकोच. भाजी निवडताना तिला समोर ठेवा आणि सांगत राहा, ही मेथी, ही कोथिंबीर. ती आवाज काढेल तेव्हा थांबा, तिला पुरतं बोलू द्या, मग उत्तर द्या. या कामाला सासूबाईंइतकं चांगलं माणूस मिळणार नाही. त्यांना डबा आणायचं काम देण्यापेक्षा हे द्या. ओव्या येत असतील तर फारच बरं.

आणि त्या सिस्टर तिला तुमच्या छातीशी बांधून ठेवायच्या, त्याबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही पेटीतले दिवस फक्त नुकसानीचे म्हणून आठवताय. ही कांगारू पद्धत कोलंबियात बोगोटा इथे सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. तिथल्या ज्या बाळांवर नव्वदच्या दशकात तिची चाचणी झाली, त्यांना वीस वर्षांनी पुन्हा गाठलं, तर छातीशी वाढलेली मुलं शाळा कमी बुडवणारी, कमी चंचल, कमी आक्रमक निघाली. इन्फेक्शनच्या दिवसांत तुमच्या हातात काही नव्हतं, हे मी वर लिहिलं. त्यानंतर जे होतं ते तुम्ही तासन्‌तास केलंत.

आता लोह. बाळाच्या अंगातला लोहाचा साठा बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतो, तो तिला मिळालाच नाही. त्यात पेटीत वरचेवर रक्त तपासायला घेतात. मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण तयार व्हायला लोह लागतं, रक्तात कमी दिसण्याच्या आधी मेंदूला ते कमी पडलेलं असू शकतं. म्हणून या बाळांना किलोमागे रोज दोन ते चार मिलिग्रॅम लोह देतात, साधारण पहिलं वर्षभर, आणि सोबत ड जीवनसत्त्वाचे थेंब. काळी शी म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, त्यानं अपाय होत नाही. सुरू करा, पण जुन्या चिठ्ठीवरच्या थेंबांनी नको. घरी आली तेव्हा ती १७२० ग्रॅमची होती आणि ते थेंब त्या वजनाचे असतील. आता ती साडेतीन पट झाली आहे. बेराला जाल तेव्हा बाटली सोबत न्या आणि आजच्या वजनावर डोस लिहून घ्या.